सर्वर डाऊन आसा

डिसेंबर संपत आला की पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत एचआरचा मेल येतो : पुढच्या वर्षाच्या रजा आत्ताच भरून टाका. बाकीची मंडळी कॅलेंडर उघडतात, लाल तारखेला शनिवार-रविवार चिकटतो का ते बघतात आणि चहा यायच्या आत मोकळी होतात. मालवण तालुक्यातला मुलगा मात्र पहिल्याच रकान्यात अडकतो. त्याला आंगणेवाडीच्या जत्रेला जायचं असतं, आणि मसुऱ्याच्या भराडी देवीची ही जत्रा तिथीवर ठरत नाही. शेतीची कामं उरकली की आंगणे मंडळी जमतात, देवीला कौल लावला जातो, डुकराच्या शिकारीची प्रथा पार पडते आणि मग तारीख जाहीर होते. बहुतेक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, यापलीकडे आधी कुणी काही सांगू शकत नाही. लाखो माणसं जातात, रेल्वे जादा गाड्या सोडते, सगळं कसं सुरळीत पार पडतं. अडतं ते फक्त एचआरच्या फॉर्मात.

कारण तिथे तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. ‘देवीने अजून सांगितलेलं नाही’ असा पर्याय यादीत नसतो. मुलगा अंदाजाने एक तारीख ठोकून देतो, देवी दुसरीच देते, तो बदल करायला जातो आणि मॅनेजर विचारतो, “तुमच्या घरचं कार्य तुम्हालाच माहीत नसतं का रे?” गंमत अशी की हा मुलगा पोटासाठी डेटाबेसच सांभाळत असतो. दिवसभर टेबलं बनवताना प्रत्येक रकान्यापुढे ‘नॉट नल’, म्हणजे ‘रिकामा सोडायचा नाही’, असं तोच लिहीत असतो. डेटा स्वच्छ राहतो म्हणून.

ही टेबलं एडगर कॉड नावाच्या इंग्रज माणसाच्या डोक्यातून निघाली. आयबीएममध्ये असताना त्याने १९७० साली एक निबंध लिहिला आणि माहिती ओळी-रकान्यांत कशी मांडावी याचं गणित घालून दिलं. ओरॅकलपासून पोस्टग्रेसपर्यंत सगळ्यांची चूल आजही त्यावर पेटते. कॉडसाहेबांच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. फक्त त्यांनी सिंधुदुर्गातला सातबारा पाहिला नव्हता.

गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि बारा म्हणजे तिच्यात काय पिकतं. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात देवगडकडचा चार गुंठ्यांचा एखादा तुकडा घ्यावा, तर मालकांची नावं पहिलं पान संपवून दुसऱ्यावर गेलेली असतात. त्यातले निम्मे वर गेलेले. उरलेल्यांपैकी दोघे डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, एक बडोद्याला, आणि एक चाळीस वर्षांपूर्वी बोटीवर गेला तो कुठल्या बंदरात उतरला कोण जाणे. कुणाचा हिस्सा दोन आणे, कुणाचा तीन पै. आणे चलनातून गेले, पण भाऊबंदकीत अजून चालतात. बायकांची नावं ‘गंगू भ्रतार विष्णू’ अशी, पुरुषांची ‘सखाराम बिन राघो’ अशी. खाली इतर हक्कांत विहिरीचं पाणी कुणी कुठल्या दिवशी घ्यायचं याचा तह. एवढं सगळं चार गुंठ्यांत. आंब्याची झाडं वेगळीच, त्यांचे वाटे तोंडी.

हे सगळं संगणकात चढवायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलं ते तलाठी म्हणजे महाराष्ट्रातले सर्वात सोशिक डेटाबेसवाले. त्यांना कुणी तसं म्हटलं नाही आणि पगारही तसा दिला नाही, ही गोष्ट वेगळी. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, हस्तलिखिताशी ताडून बघायचा आणि ज्याची हरकत असेल त्याने तिथेच बोलायचं. आयटीत याला ‘युझर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग’ म्हणतात आणि ते सहसा एसीत बसून, बिस्किटं खात होतं. इथे ते ज्यांच्यात तीन पिढ्यांचं वैर आहे त्यांच्यासमोर करायचं होतं. एकाचं नाव बरोबर वाचलं की दुसऱ्याची हरकत आलीच.

दिवसा सर्व्हर हलत नाही म्हणून त्या काळात राज्यभरचे तलाठी रात्री-पहाटे लॅपटॉप उघडून बसायचे. बायको विचारायची, एवढ्या रात्री कुणाशी बोलताय? १ मे २०१८ ला डिजिटल सही असलेला सातबारा घरबसल्या मिळू लागला, टाळ्या वाजल्या, आणि चुका दुरुस्त करायला महसूल अधिनियमाचं कलम १५५ होतंच. लेखनप्रमाद दुरुस्तीचं हे कलम एरवी कपाटात पडून असायचं. नंतर ते गावच्या पारावर पोरांच्या तोंडी आलं. डिजिटल सहीसाठी तलाठ्याकडे पेन ड्राइव्हसारखं एक डीएससी असतं. तलाठी संघटना फारच चिडली की घोषणा वगैरे देत बसत नाही. सगळे जण डीएससी तहसीलदारांकडे जमा करतात आणि घरी जातात. इतकं परिणामकारक हत्यार हिंजवडीतल्या एकाही डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या, हातात नाही. तो फार तर नव्वद दिवसांची नोटीस देऊ शकतो, आणि त्या नव्वद दिवसांत त्याच्याकडून दुप्पट काम करून घेतलं जातं.

पूर्वी तलाठी कार्यालयात गेलं की उत्तर मिळायचं, रेकॉर्ड तालुक्याला गेलंय. आता मिळतं, “सर्वर डाऊन आसा.” माणूस तोच, पायरी तीच, उन्हात उभं राहणंही तेच. फरक पडला तो गाऱ्हाण्याच्या रोखात. रेकॉर्ड तालुक्याला गेलं तर शिव्या तालुक्याला मिळायच्या. सर्व्हर कुठे असतो ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे आता त्या समोरच्या खुर्चीला मिळतात. आयुष्य रकान्यात मावत नाही यात कुणाचा दोष नाही, पण ते मावलं नाही की जबाब मात्र रकाना सांभाळणाऱ्याने द्यायचा. हा नियम ओरोसच्या जिल्हा कचेरीत आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोतही.

कॅलिफोर्नियातल्या एका संगणक सुरक्षेच्या अभ्यासकाने गंमत म्हणून गाडीला ‘नल’ अशी पाटी घेतली. त्याचा कयास होता की यंत्रणा गोंधळेल आणि आपल्याला दंडाची पावतीच येणार नाही. झालं उलटंच. ज्या ज्या पावतीवर गाडीचा नंबर लिहायचा राहून गेला होता, त्या रिकाम्या पावत्या त्याच्या नावावर जमा झाल्या. बारा हजार डॉलरांच्या वर. त्याने ही कहाणी २०१९ साली लास व्हेगासच्या हॅकर संमेलनात सांगितली आणि सभागृह हसून लोळलं. कोकणातल्या कुठल्याही सामाईक खातेदाराला यात हसण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. न केलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर बघायची त्याला सवय आहे.

नावांचं तर विचारूच नका. आजीचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, सातबाऱ्यावर माहेरचं आणि घरात सगळे तिला ‘बाय’ म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. तीत स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार लागत होतं आणि त्यावर येणारा ओटीपीही. ओटीपी येईना म्हणून राज्यभर ओरड झाली, मुदत वाढली. त्या दिवाळीत गावी आलेल्या प्रत्येक आयटीवाल्याने फराळाच्या ताटाशेजारी हेच काम केलं. दुपारी माणसं साइटवर तुटून पडतात म्हणून काकी रात्री साडेअकराला मोबाइल घेऊन यायची. घोव मुंबईला, ओटीपी त्याच्या फोनवर, तो सिक्युरिटीच्या ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. “तू कंप्युटरातलो मां? मगे तेच्याशिवाय होणा नाय?” कंप्युटरातला माणूस खाली मान घालून चकली मोडत बसतो. दिवसभर ज्या सुरक्षेचे गोडवे तो गातो, तीच सुरक्षा आता काकीच्या आणि पंधराशे रुपयांच्या मध्ये उभी असते.

आता पुण्यातली त्याची रात्र. दोनला फोन वाजतो. पेमेंट अडकलेत, ब्रिजवर या. ब्रिज म्हणजे तीसेक माणसांचा एक कॉल, ज्यात काम दोघे करतात आणि उरलेले ‘काही अपडेट?’ विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला : “डेटाबेसवाला आला का?” ॲप्लिकेशनवाला सांगतो, आमच्याकडून काहीही बदललेलं नाही. हे वाक्य खरं नसतं हे ब्रिजवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण सभ्यता म्हणून कुणी बोलत नाही. नेटवर्कवाला म्हणतो, माझ्याकडून पिंग होतोय, आणि म्यूट होतो. तो पुढे सकाळीच बोलतो. डीबीए शोधत शोधत एका क्वेरीपाशी पोहोचतो. संध्याकाळी सहाच्या रिलीजमध्ये ती आलेली असते. इंडेक्स, म्हणजे अनुक्रमणिका, नसलेल्या टेबलावर, एक नाव शोधण्यासाठी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दर सेकंदाला फेऱ्या मारतेय. तो ती क्वेरी स्क्रीनवर दाखवतो. शांतता. मग कुणीतरी वरिष्ठ विचारतात, “पण हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” इंडेक्स लावला जातो, पेमेंट धावायला लागतात, आणि सकाळच्या अहवालात कारण लिहिलं जातं : डेटाबेस इश्यू.

बॅकअपचा विषय काढला की मात्र हे लोक गंभीर होतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका दमलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा उडवायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर तीनशे जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअप होते की! पाच प्रकारचे होते. एकेक उघडत गेले तसं कळलं की रोजचा बॅकअप कित्येक दिवस झालाच नव्हता, आणि तो होत नाही हे कळवणारे मेल मध्येच नाकारले जात होते. शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत उपयोगी पडली. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, त्या माणसाचं नाव नंतर ‘टीम मेंबर १’ एवढंच ठेवलं आणि त्याची नोकरीही राहिली. डीबीए मंडळी ही गोष्ट नव्या मुलांना सांगतात तेव्हा आवाज खाली येतो. ऐकून झालं की प्रत्येक मुलगा गुपचूप आपल्या जागेवर जातो आणि आपला बॅकअप एकदा तरी रिस्टोअर होतो का ते बघतो.

या धंद्यात चांगलं काम म्हणजे काहीच न घडणं. आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘या वर्षी काहीच घडलं नाही’ असं लिहून पगारवाढ मागायची सोय नाही. शेजारचा आग लावतो, मग ती विझवतो आणि ‘स्टार परफॉर्मर’चं पदक घेऊन जातो. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं तेव्हा देशभर गदारोळ उठला. ऑन-कॉल डीबीएंना मात्र तो सुधारणेचा प्रस्ताव वाटला. चोवीस गुणिले सात म्हणजे एकशे अडुसष्ट. त्यात जवळजवळ शंभर तासांची सूट मिळत होती.

टाळेबंदीत घरून काम आलं तेव्हा सिंधुदुर्गात आनंदीआनंद झाला. शहराच्या पगारात आईच्या हातचं माशाचं तिखलं! पण रेंज घरात नव्हती. ती होती सड्यावर. मग सड्यावरच्या कातळावर एक खुर्ची, वर छत्री, आणि लॅपटॉपवर अमेरिकेतल्या ग्राहकाला समजावणं की आपली यंत्रणा कधीच बंद पडत नाही. मध्येच एखादी म्हैस येऊन मीटिंगला हजेरी लावायची. खाली वाडीत लोकांना वाटायचं, पोराला काहीतरी झालंय. उन्हात एकटाच बडबडतो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात विजेचे खांब आडवे झाले, माड-आंबे तारांवर पडले आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, मग रेंजही गेली. कंपनीच्या ‘डिझास्टर रिकव्हरी’च्या शंभर पानी दस्तऐवजात भूकंप होता, पूर होता, दहशतवादी हल्लाही होता. कौलं उडालेल्या घरात बसलेला डीबीए त्यात नव्हता. तीन दिवसांनी एक जण मोटारसायकलवरून कुडाळपर्यंत आला, रेंज मिळाली आणि पहिला मेसेज वाचला : ‘टाइमशीट भरलेली नाही.’

चतुर्थीची गोष्ट याहून नाजूक. गणपतीत ऑन-कॉल कोण, हा प्रश्न जूनपासून तापतो. कोकणातले सगळे जाणार हे गृहीत. पुण्याचे म्हणतात आमचाही गणपतीच आहे. शेवटी चेन्नईचा किंवा पाटण्याचा सहकारी पुढे होतो आणि बदल्यात पोंगल किंवा छठ लिहून घेतो. हा एकमेव करार असा, की जो कुठल्याही सिस्टिममध्ये नोंदलेला नाही आणि आजवर मोडलेला ऐकिवात नाही.

रजा मिळाली तरी गाडी मिळायला हवी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण एकशे वीसऐवजी साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. कोकणकन्या, तुतारी, मांडवी; दोन-चार मिनिटांत वेटिंग. या चार मिनिटांत डेटाबेसवाल्याची जी अवस्था होते ती बघण्यासारखी. एकाच बर्थवर हजारो हात पडले की आत कसे लॉक लागतात, रांग कशी तुंबते, हे त्याला पाठ असतं. एकाच वेळी चार ठिकाणांहून लॉगिन करून बटण बडवणाऱ्यांना तो वर्षभर नावं ठेवत असतो. आठला पाच कमी असताना त्याच्या टेबलावर लॅपटॉप, दोन मोबाइल आणि बायकोचा टॅब मांडलेला असतो. आठ वाजून तीन मिनिटांनी पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि हा माणूस, ज्याने स्वतः अशी चक्रं हजारोंना दाखवलीत, ओरडतो : “कोण गाढव बसलंय रे मागे?”

एवढं करून गावी पोचला की खळ्यात माणसं वाट बघत असतात. टीव्हीचा रिमोट, पंचायतीतला प्रिंटर, भाच्याचा हॅक झालेला इन्स्टाग्राम, सगळं त्याच्याच पदरात. डेटाबेस म्हणजे काय हे समजावण्याचा नाद बहुतेकांनी सोडलेला आहे. ‘बँकेचो हिशोब सांभाळता’ असं एकदा आईने सांगून टाकलं की निदान लग्न तरी जमतं.

अलीकडे नवी भर पडलीय. २०२५ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने कारभारात एआय आणलं आणि देशातला असा पहिला जिल्हा म्हणून गाजावाजा झाला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाने आयटीवाल्याची नोकरी जाणार याबद्दल अगोदरच हळहळ व्यक्त करून घेतलीय. एका संध्याकाळी तात्या पडवीत येऊन बसले. हातात सातबारा, चष्मा कपाळावर.

“जिल्ह्यात एआय इला म्हणतत, खरा?”

“होय तात्यानु.”

“मगे आमच्या आज्याचा नाव सातबाऱ्यार आसा ता काढूक येतला काय? मरान साठ वर्सा झाली.”

“वारस नोंद करूक होयी. ऑनलाइन अर्ज होता. मी भरतंय. मृत्यूचो दाखलो आसा?”

“आसा खयतरी पेटयेत.”

“बरा. आणि वारस किती आसत ते सगळे सांगा. एकव सोडूचो नाय.”

तात्यांनी चष्मा खाली घेतला आणि पोराकडे नीट बघितलं.

“ता माका म्हायत असता तर बावीस वर्सा कोर्टात कित्याक गेलो असतंय?”